ताटातली जागा

“तिन्ही शेवटी आकडेच ना, सर? मग एका ॲरेत ठेवले तर बिघडलं कुठे?”

ओजसने खांबेटे सरांना विचारलं.

नवजात बाळांना थेंबाथेंबाने औषध देणाऱ्या पंपाचा प्रोग्राम सरांनीच पूर्वी लिहिला होता आणि आता ओजसने तो नव्याने बांधला होता. सरांनी होकार दिला, की तो प्रोग्राम वॉर्डात जाणार होता. होकार घ्यायलाच ओजस घाट उतरून त्यांच्या गावी आला होता.

सरांनी बाळाचं वजन, औषधाचा वेग आणि वेळ यांचं टपल केलं होतं. गोल कंसात तीन जागा, प्रत्येक जागेला तिचा स्वतःचा प्रकार. वजनाच्या जागी वेग ठेवायला गेलं, की कोड तपासणारा कंपायलर अडून बसायचा. ॲरेला मात्र सगळे एकाच प्रकारचे लागतात. म्हणून ओजसने तिन्हींचेही प्रकार काढून टाकले आणि नुसते आकडे चौकोनी कंसात ओळीने बसवले.

“कोड निम्म्यावर आला, सर. कंपायलरची एक तक्रार नाही!” आवाजातला गर्व त्याला लपवायचाही नव्हता.

“भूक लागली रे,” सर म्हणाले. “ताट वाढ.”

ओजस मनातून चिडला. इतक्या लांबून आलो ते काय वाढपी व्हायला? हाताला येईल ते त्याने जिथे जागा दिसली तिथे भराभर वाढलं आणि ताट पुढे सरकवलं.

“सगळं वाढलंस?”

“सगळं आहे, सर.”

सरांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा चमचा सवयीने ताटाच्या डाव्या बाजूला, कोशिंबिरीच्या जागी गेला. चमचा भरून त्यांनी तोंडात घातला...

तो ठेचा होता.

सरांना जोराचा ठसका लागला. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ओजस घाबरून धावला आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या ओठांना लावला.

“चुकलं, सर... चुकलं माझं.”

सर घोट घोट पाणी प्यायले. श्वास जागेवर यायला वेळ लागला. ओजसला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“काहीतरी चुकलंय, हे तुला कळलं कशावरून?”

“तुम्हाला ठसका लागला ना...”

सरांनी तांब्या खाली ठेवला.

“पंपाला लागत नाही.”