तीन पेट्यांतला हत्ती

एका गावात एक सुतार राहत होता. सुतार तर गावोगावी असतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण या सुताराकडे एक चित्रांचं पुस्तक होतं आणि त्या पुस्तकात एक हत्ती होता, म्हणून ही गोष्ट.

सुतार सहा वर्षांचा असताना त्याच्या मामाने ते पुस्तक जत्रेतून आणलं होतं. दहाच पानं. एक हत्ती फेटा बांधून लग्नाला निघतो. वाटेत कोंबडी म्हणते, मलाही ने. मग बकरी भेटते, माकड भेटतं, एक कासव भेटतं. त्या कासवाला हत्तीवर चढायला अख्खं एक पान लागतं. सगळी पाठीवर बसून लग्नघरी पोचतात, तर हत्ती मांडवात मावत नाही. मग काय, नवरानवरीच हत्तीच्या पाठीवर चढतात आणि लग्न तिथेच लागतं. गोष्ट एवढीच, पण सुताराने ती लहानपणी इतक्यांदा वाचली की हत्ती त्याला घरातलाच वाटायचा. बाराखडी आपल्याला गुरुजींनी शिकवली, पण वाचायला हत्तीने शिकवलं, असं तो म्हणायचा. गुरुजींना हे फारसं रुचत नसे.

पुढे सुतार मोठा झाला, हातात पटाशी आली. ज्याला जे येतं, त्यातूनच तो माया करतो. हलवाई असता तर त्याने हत्तीला पेढे वाहिले असते. सुताराने पेटी केली. सागाची, छान घट्ट झाकणाची. दोन वर्षांनी त्याच्या मनात आलं, सागाला वाळवी लागत नाही म्हणतात, पण वाळवीचा काय भरवसा? म्हणून ती पेटी ठेवायला त्याने शिसवाची दुसरी पेटी केली. त्या पेटीला ओरखडा उठू नये म्हणून तिसरी केली. तिला पितळी कोपरे, झाकणावर कोरीव वेलबुट्टी आणि वर भलंमोठं कुलूप. किल्ली कमरेच्या कडदोऱ्याला.

परगावचा पाहुणा आला की गावकरी म्हणत, "आमच्या सुताराची पेटी पाहिलीत का? पाहून जा." पाहुणे पेटी पाहून माना डोलावत आणि जात. आत काय आहे, हे कोणी विचारत नसे.

तिन्ही पेट्या वर्षातून एकदाच उघडत, खंडेनवमीला. त्या दिवशी कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतो. सुतार पाटावर करवत, रंधा, पटाशी, गिरमिट मांडायचा आणि मधोमध पुस्तक ठेवायचा. हत्यारांना हळदकुंकू, तसंच हत्तीलाही. वर्षानुवर्षं कुंकवाची बोटं लागून पुस्तकावरच्या हत्तीचं कपाळ लालभडक झालं होतं आणि एक डोळा तर पार बुजून गेला होता. सुताराच्या ते लक्षातही आलं नव्हतं. भक्तीने केलेली नासाडी माणसाला दिसत नाही.

सुताराला एकच मुलगी. ती लहान असताना पुस्तक तिला द्यायचं त्याच्या मनात होतं, पण पोर जरा धांदरट. 'थोडी मोठी होऊ दे' म्हणता म्हणता ती लग्नाची झाली आणि सासरी गेली. आता तिची मुलगी सहा वर्षांची झाली होती, अक्षरं जुळवून वाचायला लागली होती. सुताराचे केस पिकले होते. आपल्यामागे या हत्तीला कोण, हा घोर त्याला लागला होता. बायकोला हत्ती म्हणजे थट्टेचा विषय. मुलगी तिच्या संसारात. आता नातीच्या मनात हत्ती शिरला नाही, तर तो आपल्याबरोबरच संपला.

नवरात्रात नात आजोळी आली. सुताराने मुहूर्त बघितल्यासारखं तिला सकाळी बोलावलं. आधी तिचे हात राखेने धुवायला लावले, पुसायला लावले, मग पुन्हा धुवायला लावले. पाटावर मांडी घालून बसवलं आणि हात पाठीमागे बांधायला सांगितले. मग एक, दोन, तीन पेट्या उघडल्या. पानांना बोट लागू नये म्हणून त्याने शिसवाची एक पातळ पट्टी तासून ठेवली होती. त्या पट्टीने त्याने पहिलं पान उलटलं.

"आबा, हत्तीच्या फेट्यात काय खोचलंय? जवळून बघू?"

"लांबूनच छान दिसतं."

"कोंबडी हसतेय का हो?"

"वाकू नकोस! श्वास लागतो पानाला."

नातीने श्वास धरला. एका पानापुरता धरून झाला, मग चेहरा लाल झाला. चौथ्या पानावर ती म्हणाली, "आबा, मी शू करून येते," आणि जी गेली ती आलीच नाही. सुतार पट्टी हातात धरून बसून राहिला. शेवटी उठून बघतो तर नात कामाच्या छपरात, रंध्याच्या कुरळ्या सालपटांच्या ढिगात. शेजारपाजारची चार पोरं बरोबर. सगळ्यांनी सालपटांच्या मिशा लावल्या होत्या आणि कुंभाराच्या धाकट्या मुलीने तर दाढीसुद्धा.

सुताराला फार वाईट वाटलं. तो घरात येऊन म्हणाला, "हल्लीच्या पोरांना पुस्तकाची गोडीच नाही."

त्याची बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "गोडी कळायला आधी चाखू तर द्या. गूळ फडताळात कोंडायचा आणि पोरीला दारातून विचारायचं, काय गं, गोड लागला ना? अशानं कधी तोंड गोड झालंय कुणाचं?"

"तुला काय कळतंय पुस्तकातलं!" सुतार म्हणाला.

"मला भाकरीतलं कळतं," ती म्हणाली. "बसा जेवायला."

खंडेनवमी आली. नातीने फुलं आणली, हत्यारांना वाहिली. पूजा झाली, आरती झाली, दुसऱ्या दिवशी दसराही पार पडला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराने पुस्तक पेटीत, ती पेटी दुसऱ्या पेटीत, ती तिसऱ्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. करवतीवरचं कुंकू पुसलं आणि ती घेऊन तो कामाला निघाला. नात हे सगळं उंबऱ्यावर बसून बघत होती.

"आबा, करवतीला पेटी नाही?"

"करवतीला कशाला पेटी?"

"मोडेल ना ती. तिचीपण पूजा केली आपण."

सुतार हसला. "अगं वेडाबाई, करवत पेटीत ठेवली तर गंज चढेल. हत्यार रोज हातात असलं तरच त्याला धार राहते."

नातीने करवतीच्या दातांकडे पाहिलं. मग तिने अगदी सरळ मनाने विचारलं, "मग हत्तीला गंज नाही चढत?"

सुतार तसाच वळला. छपरात जाऊन कामाला लागला. वाण्याच्या दुकानाचं दार करायचं होतं. त्याने रेघ मारली, करवत लावली आणि फळी चार बोटं आखूड कापली. चाळीस वर्षांत त्याच्याकडून असं झालं नव्हतं. तो त्या फळीकडे बघत उभा राहिला. बघत होता फळीकडे, पण दिसत होती त्याला त्याची मुलगी, सहा वर्षांची, धांदरट, पेटीच्या झाकणावरची वेलबुट्टी बोटाने गिरवणारी. तिने कितीदा विचारलं असेल, बाबा, पुस्तकात काय आहे? आणि आपण काय म्हणायचो? मोठी झालीस की बघ.

त्याने करवत खाली ठेवली. घरात गेला, कुलूप काढलं, तिन्ही पेट्या उघडल्या आणि पुस्तक घेऊन अंगणात आला.

"धर," तो नातीला म्हणाला.

"हात धुऊन येऊ?"

सुताराने तिच्या हातांकडे पाहिलं. एका हाताला शेंगदाण्याचा लाडू लागला होता. त्याने पुस्तक पुढे केलं. "राहू दे," तो म्हणाला. "धर."

पाच मिनिटांत अंगणात सहा पोरं जमली. नात मधे बसून वाचू लागली. अडलं की आपल्या मनाचं घालायची. 'फेटा' वाचला, 'तुरा' अडला, तर तिने तिथे 'भजी' घातली आणि हत्ती भजी खोचून लग्नाला निघाला. हत्ती आला की सगळी पोरं तोंडापुढे हाताची सोंड करून ओरडायची. नात बोटाला थुंकी लावून पान उलटायची. दर थुंकीला सुताराची पकड आवळायची. तो छपराचा खांब घट्ट धरून उभा होता. खांब त्यानेच रोवला होता म्हणून टिकला.

कासवाचं पान आलं. कुंभाराच्या धाकटीला कासव नीट दिसेना. ती म्हणाली, "दाखव," नात म्हणाली, "थांब," आणि दोघींनी एकदमच पान ओढलं.

चर्र!

हत्तीच्या सोंडेतून पान निम्म्यापर्यंत फाटलं. सहाही पोरांनी सुताराकडे पाहिलं. त्याचा चेहरा बघून कुंभाराच्या धाकटीने ओठ काढला. सुतार पुढे झाला, हात लांब केला. पुस्तक हिसकावून घ्यायचं आणि पुन्हा कधी म्हणून बाहेर काढायचं नाही, हेच त्या क्षणी त्याच्या मनात होतं.

नातीने पुस्तक छातीशी धरलं होतं. रडू आवरत तिने मागचं पान उघडून दाखवलं. "आबा, हे फाटलं ते आम्ही फाडलं. पण हे आधीचं आहे. हे आम्ही नाही केलं. खरंच."

सुताराने वाकून पाहिलं. माकडाच्या पानावर आडवी एक कागदाची पट्टी चिकटवलेली होती, जुनी, पिवळी पडलेली. वर्षातून एकदा तो पुस्तक बाहेर काढायचा, पण वरचं पान सोडून आत कुठे बघायचा? नातीला दाखवताना शिसवाच्या पट्टीने पानं उलटली, तेव्हाही त्याची नजर त्या पट्टीवरच होती. आता पाहिलं आणि एकदम आठवलं. तो, त्याची थोरली बहीण, आणि मधे ताणलेलं माकड.

"ते होय," सुतार म्हणाला. "ते मी फाडलं."

"तुम्ही?" सहाही पोरं एकदम ओरडली.

"मी आणि माझ्या ताईने."

"मग तुमच्या आईने मारलं?"

सुतार आठवू लागला. त्याला मार आठवेना. आठवली ती चुलीपुढे बसून वाटीत खळ ढवळणारी आई. "नाही गं," तो म्हणाला. "तिने कणकेची खळ केली, पट्टी लावली आणि म्हणाली, हं, वाच पुढे. कासव चढलं का?"

नातीने नाक पुसलं आणि त्याच्याकडे नीट बघत विचारलं, "मग तुम्ही काय करणार?"

सुतार खाली बसला. आणि मग त्याला असं हसू लोटलं, की पोरंही हसायला लागली. "थांबा, सरस आणतो," म्हणत तो उठला. सरसाने सुतार लाकूड चिकटवतात, त्याला तेच ठाऊक.

त्याची बायको दारातून ओरडली, "अहो, कागद आहे तो, चौकट नव्हे! सरस लावलात तर हत्ती खुंटीसारखा ताठ होईल. मी खळ करते."

खळ झाली. सहा पोरांची बारा बोटं आणि सुताराची दोन, अशी मिळून सोंड चिकटवली. एवढे कारागीर एका कामाला लागले की व्हायचं तेच झालं. सोंड जरा तिरकी बसली. कुंभाराची धाकटी म्हणाली, "हत्तीला सर्दी झालीय." त्या दिवसापासून त्या पानावर हत्ती शिंकायला लागला आणि कोंबडी, बकरी, माकड सगळी दणादण खाली पडू लागली. मूळ गोष्टीपेक्षा हे पोरांना जास्त आवडलं. खरं सांगायचं तर सुतारालाही.

"हं, वाचा पुढे," तो म्हणाला. "कासव चढलं का?"

मग रोज दुपारी अंगणात हत्ती निघू लागला. पुस्तकाचे कोपरे दुमडले, मुखपृष्ठावर लाडवाचा एक ठसा उमटला. सुतार जवळच काम करायचा आणि कासवाचं पान आलं की रंधा थांबवायचा.

नातीचा परत जायचा दिवस आला. गाडी जुंपली. सुताराने पुस्तक फडक्यात गुंडाळून स्वतःच्या हाताने तिच्या बोचक्यात ठेवलं. मनातून त्याला बरंच वाटलं. हत्तीला घर मिळालं होतं. पण अंगणात उभ्या असलेल्या पोरांची तोंडं मात्र एवढीशी झाली.

नातीने ते पाहिलं. तिने बोचकं सोडलं, पुस्तक काढलं आणि कुंभाराच्या धाकटीच्या हातात दिलं.

"अगं, तुला हवंय ना ते?" सुतार म्हणाला.

"तिला अजून वाचता येत नाही आबा. ती हत्तीकडून शिकेल. मला सगळं पाठ आहे."

"सगळं?"

"म्हणून दाखवू?"

गाडी निघाली आणि नात मोठ्याने सांगू लागली. हत्ती भजी खोचून निघाला. कोंबडी चढली, बकरी चढली, माकड चढलं. कासव सावकाश, सावकाश चढलं. सुतार गाडीबरोबर वेशीपर्यंत चालत गेला. पुढे गाडी उताराला लागली, बैल पळू लागले, तरी तिचा आवाज येत होता.

"आणि मग वाटेत एक सुतार भेटला. तो म्हणाला, मलापण न्या. हत्ती म्हणाला, चढा आबा, तुमचीच वाट बघत होतो!"

सुताराने ते पुस्तक लहानपणी शंभरदा वाचलं होतं. त्यात सुतार कुठल्याही पानावर नव्हता. वेशीवर उभा राहून त्याने डोळे पुसले, तोंडापुढे हाताची सोंड केली आणि भर रस्त्यात हत्तीसारखा ओरडला. उतारावरून तस्साच आवाज परत आला.

तात्पर्य: आपल्याला जे आवडलं ते पोरांच्या हाती द्यावं. थोडं फाटेल, फाटू द्यावं. खळ करता येते, बालपण पुन्हा करता येत नाही.