भाजलेला संदेश

"…आणि गवयाचा गळाच गेला तर, भंते?"

भंते विमलबोधी टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली.

"कोणत्या गवयाचा?"

"असाच. समजा म्हणून विचारतोय."

"तो आला की सांगू त्याला."

सुमेध हसला आणि ड्रायव्हरला डावीकडं घ्यायला सांगू लागला. विषय तिथंच राहिला.

सुमेध गजभिये मूळ नागपूरचा. शहरोशहरी हिंडायचं, तिथली गाजलेली कॅफे आणि मिठाईची दुकानं पालथी घालायची, खायचं आणि कॅमेऱ्यात बघून चव सांगायची, हा त्याचा धंदा. धंदा जोरात होता. त्यानं एखाद्या दुकानाला चांगलं म्हटलं की दुसऱ्या दिवशी रस्त्यापर्यंत रांग लागायची. त्यानं नाक मुरडलं की खुर्च्या रिकाम्या पडायच्या. त्याच्या वडिलांची मंडईत संत्र्यांची गाडी होती. डोळे मिटून नुसत्या सालीच्या वासावरनं, हे काटोलचं, हे वरुडचं, असं तो लहानपणी सांगायचा. ही गोष्ट तो प्रत्येक मुलाखतीत सांगे, आणि ती खरी होती.

त्याच वयात भंत्यांनी त्याला वस्तीतल्या विहारात पाली गाथा शिकवल्या होत्या. आता भंते सत्तरीच्या पुढे गेले होते. कोलकात्याच्या एका विहारानं त्यांना प्रवचनांसाठी बोलावलं, तेव्हा सुमेध म्हणाला, मीपण येतो. संध्याकाळी तुमचं प्रवचन, सकाळी माझी कॅफे. शहर काय असतं ते दाखवतो तुम्हाला.

भंते म्हणाले, "दाखव."

एक गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. पावसाळ्यात सुमेधला ताप आला होता आणि उतरताना तो त्याचं नाक घेऊन गेला होता. गोड, खारट, आंबट, कडू एवढं जिभेला कळायचं. त्यापलीकडं काही नाही. आंबा आणि पपई एक झाले होते. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी. वास परत येईलही, नाही येणारही, असं डॉक्टर म्हणाले. सुमेधनं हे घरीसुद्धा सांगितलं नाही.

त्याला सांगावंसं वाटलंच नाही, कारण काही अडलं नव्हतं. मेनूवर पदार्थाचं नाव असायचं, डोक्यात जुन्या चवी होत्या आणि बोलणं तर त्याच्या हाडात होतं. उलट या काही महिन्यांत त्याचे व्हिडिओ जास्तच चालले. माणूस ठामपणे बोलला की लोकांना चव लागते, असं तो स्वतःला सांगू लागला होता.

पहिल्या सकाळी दोघं कॉलेज स्ट्रीटजवळच्या एका जुन्या कॅफेत गेले. संगमरवरी टेबलं, वर गरगरणारे उंच पंखे. सुमेधनं पुडिंग मागवलं, दोन चमचे खाल्ले आणि कॅमेऱ्यासमोर जळक्या साखरेबद्दल असं काही बोलला की शेजारच्या टेबलावरच्या मुलींनी तेच मागवलं.

भंत्यांची बशी त्यानं टेबलावरून त्यांच्याकडं सरकवली. भंते नुसते बसून राहिले.

"अरे हो," सुमेध म्हणाला. भिक्खू हातात दिल्याशिवाय खात नाहीत. त्यानं बशी दोन्ही हातांनी त्यांच्या हातात ठेवली.

भंत्यांनी शांतपणे सगळं संपवलं.

"कसं आहे?" सुमेधनं विचारलं.

"मऊ आहे."

दुसऱ्या सकाळी मिष्टी दोई. मातीच्या मडक्यातलं दाट, गुलाबीसर दही. रांगेतल्या लोकांनी सुमेधला ओळखलं, त्याच्याबरोबर फोटो काढले.

"कसं आहे, भंते?"

"गार आहे."

सुमेधला गंमत वाटली. "तुमची जीभ अगदी कोरी आहे, भंते."

"असेल."

थोड्या वेळानं भंते म्हणाले, "तू दोनच चमचे काहून खातोस?"

"चव कळायला दोन पुरतात."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं पोट भरायला. ते माझं काम नाही."

भंत्यांनी त्याच्या उरलेल्या मडक्याकडं पाहिलं.

सुमेधच्या मनात आलं, सोबत छान मिळाली. हे काही आपल्याला पकडणार नाहीत.

तिसऱ्या सकाळी गडियाहाटमागच्या एका गल्लीतलं कॅफे होतं. ते पारोमिता सान्यालचं. तिनं बँकेतली नोकरी सोडून बंगाली मिठाई आपल्या पद्धतीनं करायला सुरुवात केली होती. सुट्टीच्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. आज तिनं सुमेधसाठी दुकान लवकर उघडलं होतं. ती कितीतरी वर्षं त्याला ऐकत आली होती.

तिनं मातीच्या दोन वाट्यांत छेन्याची मिठाई आणून ठेवली. वर फिकट तपकिरी साय, कडेला बुडबुडे फुटून करपलेल्या खुणा.

"भाजलेला संदेश," ती हिंदीत म्हणाली. "मेनूवर अजून नाही घेतला. तुम्ही सांगाल तसं ठरवीन."

सुमेधनं एक वाटी भंत्यांच्या हातात दिली. दुसरीतला चमचा तोंडात घातला. गोड, कोमट, किंचित रवाळ. पुढं नेहमीसारखी भिंत.

या वेळी मेनू मदतीला नव्हता. पण जानेवारी होता. जानेवारीत अख्खं कोलकाता खजुराचा नवा गूळ खातं. रंगही तसाच होता.

त्यानं कॅमेरा सुरू केला.

"खजुराचा गूळ," तो म्हणाला. "आधी दूध येतं. मग मागून हळूच धूर येतो, पहाटे शेकोटीजवळ बसल्यासारखा. पारोमितादींनी गुळाला पुढं पुढं करू दिलेलं नाही. ही संयमाची मिठाई आहे."

पारोमिताचं हसू चेहऱ्यावरच थांबलं.

"गूळ…?" ती म्हणाली. "मी यात गूळ घातलेला नाही."

तेव्हाच थांबता आलं असतं. पण सुमेधला थांबायची सवय राहिली नव्हती.

"मग भांड्याला लागला असेल. बारीक आहे, पण आहे."

पारोमितानं एक चमचा खाल्ला. वाटी नाकाशी धरली. पुन्हा खाल्ला. तिच्या कपाळावर आठी पडली.

"मला नाही लागत," ती हळू आवाजात म्हणाली. "पण पहाटेपासून याच वासात उभी आहे मी. माझं नाक मेलं असेल. तुमचं चुकायचं नाही."

ती आत गेली. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. कट्ट्यावर एका मोठ्या ट्रेमध्ये सकाळचा सगळा संदेश मांडला होता. तिनं ट्रे उचलला आणि पायानं कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

"दुर्गापूजेपासून करून बघतेय," ती आतूनच म्हणाली. "आज जमला असं वाटलं होतं. नाही जमत म्हणजे सोडून द्यावा."

सुमेधनं भंत्यांकडं पाहिलं.

भंत्यांची वाटी रिकामी झाली होती. त्यांनी ती दोन्ही हातांत नाकाजवळ धरली होती. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर लहान मुलासारखं समाधान.

"थांबा," सुमेध म्हणाला.

पारोमिता ट्रे तसाच धरून वळली.

"काय आहे यात?"

"संत्रं. दार्जिलिंगचं. साल घालून दूध आटवलंय."

सुमेधनं वाटीत पाहिलं.

काटोल. वरुड. वडिलांच्या गाडीवरचं ओलं गोणपाट… सगळं त्याला आठवलं. वास तेवढा आठवला नाही.

अजूनही निभावून नेता आलं असतं. संत्र्यावर गूळ चढलाय, असं म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं. तिनं ट्रे ओतला असता आणि तो पुढच्या कॅफेत गेला असता. कॅमेरा चालूच होता.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "पावसाळ्यापासून. कशाचाच नाही. तुमचं काही चुकलेलं नाही, दीदी. तो ट्रे खाली ठेवा."

पारोमितानं ट्रे खाली ठेवला. बाहेर आली.

"पावसाळ्यापासून," ती म्हणाली. "पूजेच्या दिवसांत तुम्ही इथं आला होतात. श्यामबाजारला, शर्बरीच्या बेकरीत."

सुमेधला आठवत होतं.

"तिच्या केकला शिळ्या लोण्याचा वास आहे म्हणालात."

"हो."

"वास येत नव्हता तुम्हाला."

"नव्हता."

"मग का म्हणालात?"

सुमेधला उत्तर ठाऊक होतं, आणि ते त्यानं आजवर स्वतःलाही दिलं नव्हतं. "सगळंच चांगलं म्हणणाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत," तो म्हणाला. "कुणालातरी वाईट म्हणायला हवं होतं. त्या दिवशी त्या समोर होत्या."

पारोमितानं खुर्ची ओढली आणि ती बसली. चिडून बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती साध्या आवाजात म्हणाली, "शर्बरी माझी मैत्रीण आहे. दुकान चालू आहे तिचं. पाव करते, बिस्किटं करते. केक करत नाही. लोणी हातात घेतलं की तिला शंका येते, म्हणते."

बाहेर गल्लीत कुणीतरी शटर वर केलं.

सुमेधनं आपली अर्धी वाटी पुढं ओढली. तिसरा चमचा घेतला, मग चौथा. गोड, कोमट, रवाळ. सगळी वाटी त्यानं संपवली.

मग तो भंत्यांकडं वळला.

"कसं आहे, भंते?"

आणि भंते बोलू लागले. साल अंगठ्यानं दाबली की बारीक फवारा उडतो ना, पहिल्यांदा तसं येतं, ते म्हणाले. गार नाही, तरी गार वाटतं. मग दूध त्याला झाकून टाकतं. आता गेलं असं वाटतं तोवर घशाशी जरा कडवट लागतं, पांढऱ्या सालीचं. तेवढ्यानं गोड अंगावर येत नाही. मागं भाजल्याचा वास आहे, पोळी तव्यावर फुगते तसा…

पारोमिता ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. आपण काय केलंय ते तिला दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच कळत होतं.

सुमेधही ऐकत राहिला.

"मग परवा नुसतं मऊ म्हणालात," तो म्हणाला. "काल नुसतं गार."

"तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं," भंते म्हणाले. "आज तू विचारलंस."

निघताना पारोमितानं भंत्यांना वाकून नमस्कार केला. सुमेधला केला नाही. पण दाराशी येऊन म्हणाली, "हा मी मेनूवर घेणार आहे. तुम्हाला विचारत नाही, सांगतेय."

दुपारी दोघं हुगळीच्या घाटावर बसले. नदी रुंद आणि मातकट होती. पलीकडच्या काठावरून एक फेरीबोट हळूहळू येत होती.

सुमेधच्या हातात फोन होता. सकाळचं सगळं त्यात होतं. गुळाचं बोलणं, भांड्याला लागल्याचं बोलणं, शर्बरीचं नाव. एक शब्दही कापलेला नव्हता.

"टाकू का, भंते?"

"फोन तुझा आहे."

सुमेधनं व्हिडिओ टाकला. फेरी धक्क्याला लागेपर्यंत फोन थरथरू लागला. त्यानं तो पालथा घालून बाजूला ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"कोलकात्याला येताना गाडीत मी संत्रं सोललं. तू मान वर केली नाहीस."

"मग बोलला का नाहीत?"

भंते बोटीतून उतरणाऱ्या माणसांकडं बघत होते. एका बाईच्या टोपलीत फुलं होती, एका माणसाच्या खांद्यावर सायकल.

"भंते, उद्यापासून मला कुणी बोलावणार नाही. आणि बरोबरच आहे. नाक नसलेल्या माणसाकडून चव कशाला ऐकायची?"

फेरीबोट रिकामी होऊन पुन्हा भरू लागली.

"एवढी एकच गोष्ट होती माझ्याकडं. तिच्यावर मी उभा होतो. ती काढली तर…" त्याला वाक्य पुरं करता येईना. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "ती काढली तर मी कोण उरलो?"

नदीवरून वारा आला. भंत्यांनी चीवर खांद्यावर नीट ओढून घेतलं.

"मला उद्या सकाळी केक खायचाय," भंते म्हणाले. "श्यामबाजारला नेशील ना?"