रिकाम्या वाघिणींची वाट

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध आचार्यांपुढे मोठ्या आत्मविश्वासाने उभी राहिली. कोणती मालगाडी कोणत्या मार्गाने न्यावी, याचे गणित आचार्य शिकवीत असत. तिने संगणकावर घडविलेले लोहमार्गांचे प्रतिमान त्या दिवशी त्यांच्या संमतीसाठी आले होते. दुष्काळी मुलखातील गुरांच्या छावणीला रोज चारा पोहोचवायचा होता. तेथील गव्हाणींचे तळ दिसू लागले होते. चारा पाठविणारे एक व्यापारी निर्णय ऐकण्यासाठी सकाळपासूनच येऊन बसले होते.

"सगळ्या गाड्या घाटातल्या एकेरी मार्गाने," शिष्या म्हणाली. "तीच सर्वांत जवळची वाट. एकामागून एक सोडल्या, तर चारा कुठेही खोळंबत नाही."

आचार्यांनी पडद्याकडे पाहिले. गाड्या एका रांगेत घाट चढत होत्या आणि छावणीच्या ठिपक्याशी पोहोचताच दिसेनाशा होत होत्या. ते एवढेच म्हणाले, "आज संस्थेत पंगत आहे. आमटी तू वाढ."

तेथील पंगतीची एक रीत होती. वाढपी पुढच्या दाराने भरले भांडे घेऊन येत, दोन रांगांमधून वाढत टोकापर्यंत जात आणि अंगणातून वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरत. त्या दिवशी मात्र आचार्यांनी मागच्या दाराला स्वहस्ते कुलूप लावले, किल्ली कनवटीला खोचली आणि शांतपणे पानावर जाऊन बसले.

शिष्येला कोडे पडले, थोडा रागही आला. ऐन घाईच्या दिवशी हा कसला खेळ? तरी पदर खोचून तिने पातेले उचलले.

पहिली खेप सुरळीत पार पडली. रिकामे पातेले घेऊन ती वळली, तो समोरून भाताची परात.

"ताई, मागे सरा!"

"तुम्हीच सरा की! मी परतायचं कुठून?"

परातीमागे भाजीवाला, भाजीवाल्यामागे कढीवाला. दोन रांगांमधली वाट जेमतेम एका माणसाची. आत चुलीवर आमटी उतू जात होती आणि बाहेर पाने कोरडी होती.

"अहो ताई," व्यापारी ओरडले, "भाताला आळं करून केव्हाचा बसलोय! आमटीची मिरवणूक निघाली की नाही अजून?"

पंगतीत हशा पिकला. घामाघूम झालेली शिष्या आचार्यांच्या पानासमोर येऊन थांबली. "आचार्य, किल्ली द्या. भरलेलं भांडं आणता येतं. पण रिकामं परत न्यायला वाट तर..."

तिने हातातल्या रिकाम्या पातेल्याकडे पाहिले.

आचार्य हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या प्रतिमानात गाडी छावणीत पोहोचते आणि नाहीशी होते. खरी गाडी नाहीशी होत नाही, बाळ. तिच्या रिकाम्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, परतल्या नाहीत, तर उद्याचा चारा कशात भरशील? आणि त्याच एकेरी मार्गाने परतल्या, तर चढणारी भरली गाडी त्यांच्यासाठी वाटेत ताटकळेल. भरल्या भांड्याकडे सारी पंगत डोळे लावून असते. रिकाम्याला वाट राखणे हे मात्र गणित मांडणाऱ्याचे काम आहे."

त्यांनी किल्ली तिच्या हाती ठेवली.

तिने दार उघडले. शेवटचे पान तृप्त होईपर्यंत आमटी वाढली, हात धुतले आणि स्वतः न जेवताच ती पडद्यासमोर बसली. पहिले गणित तिने निर्धाराने पुसून टाकले. प्रत्येक गाडी परतून पुन्हा भरेपर्यंत तिचा हिशेब सुटू नये, अशी नवी मांडणी तिने केली. पडद्यावर भरल्या गाड्या घाटाने चढू लागल्या. रिकाम्या सपाटीवरच्या लांबच्या मार्गाने परतू लागल्या. घाटातूनच ये-जा करण्यापेक्षा छावणीला आता रोज अधिक चारा पोहोचत होता.

व्यापाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "रिकाम्या गाड्यांना एवढा वळसा? तीर्थयात्रेला धाडता की काय?"

"शेठजी," शिष्येने विचारले, "आज तुमच्या भातावर आमटी केव्हा पडली?"

ते मागच्या उघड्या दाराकडे पाहून म्हणाले, "पहिली गाडी केव्हा भरायला घेऊ?"

आचार्यांनी संमतीची मान हलविली आणि शिष्येसाठी झाकून ठेवलेले पान पुढे सरकविले.

आपणही कोणाच्या हाती भरले भांडे देण्यापूर्वी, ते रिकामे होऊन कोणत्या दाराने परतेल, हे पाहून ठेवावे.