उपरण्याखालचा मॉनिटर

विषय : विणकर संस्थेच्या नक्षीकामासाठी संगणकाचा मॉनिटर घेणेबाबत.
संदर्भ : शिष्या कावेरी हिचा अर्ज. अर्जात कारणासाठी दोनच ओळींची जागा असल्याने सविस्तर कारण पुढे दिले आहे.

एकदा एका विणकरांच्या गावात एक वृद्ध नक्षीकार राहत असत. पैठणीच्या पदरावरचे मोर आणि वेलबुट्ट्या चौकडीच्या कागदावर मांडण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. गाव त्यांना मास्तर म्हणे. वास्तविक त्यांनी कोणत्याही शाळेत शिकवले नव्हते आणि शिकण्यासाठीही तेथे फारसा वेळ दवडला नव्हता. उतारवयात त्यांचा हात कापू लागला. रेघ ओढायला जावे तर मोराला तिसरा पाय फुटे.

तेव्हा शेजारची कावेरी त्यांची शिष्या झाली. मास्तर बोटाने हवेत मोर काढत, ती तो संगणकावर उतरवी. रंगही तीच ठरवी. मॉनिटरवर साडीचे चित्र पूर्ण झाले की रंगवलेल्या रेशमाच्या लडी ती काचेला लावून पाही, आणि जी लड चित्राशी जुळेल ती विणकराकडे पाठवी. मास्तरांच्या डोक्यातले मोर मागापर्यंत पोहोचण्याचा तेवढा एकच मार्ग आता उरला होता.

एके दिवशी विणकर गोविंदसा तावातावाने मास्तरांच्या ओट्यावर आले.

"मास्तर, गिऱ्हाइकाने फोनवर चित्र पाहिलं ते अंजिरी. माझ्या मागावर उतरलं ते वांगं! नवरीची आई विचारते, साडी नेसायची की भरीत करायचं?"

"कितपत विणून झालं होतं?" मास्तरांनी विचारले.

"वीतभर. कापून टाकलं. आता ऐका, पुढच्या साडीची लड आणखी एकदा ही पोरगी देईल. तीही चुकली तर तिच्या संगणकाला माझा लांबूनच नमस्कार. मी बाहेरगावची तयार नक्षी आणीन. वाईट वाटून घेऊ नका."

"वाटून घेईन की. तेवढं तरी मला जमतं अजून," मास्तर म्हणाले.

गोविंदसा गेल्यावर कावेरीचे डोळे भरून आले. "मॉनिटरच जुना झालाय, मास्तर. रंग खरे दाखवतच नाही. संस्थेकडे नवा मागते."

"माग. पण आधी बघून तर येऊ काय मागायचं ते."

दुसऱ्या दिवशी दोघे शहरातल्या एका व्यापाऱ्याच्या दुकानात गेले. मॉनिटर ओळीने मांडलेले होते आणि सगळ्यांवर एकच पोपट उडत होता. तो इतका लालभडक होता की खरा असता तर त्याला तातडीने वैद्याकडे न्यावे लागले असते. कावेरी मात्र भान हरपून पाहत राहिली.

"हा एक अब्ज रंग दाखवतो, आजोबा," व्यापारी म्हणाला.

"अस्सं? आमच्या रंगाऱ्याकडे तीस-चाळीसच आहेत. बाकीचे ठेवायचे कुठे?"

एवढे बोलून मास्तरांनी खांद्यावरचे उपरणे काढले, झटकले आणि सरळ पोपटावर घातले.

"अहो, हे काय! बघायची वस्तू आहे ती, झाकायची नव्हे!"

"बघून झाली. कावेरी, उजेड जरा कमी कर पाहू. उपरणं न काढता."

उपरणे जुने, विरलेले होते. त्यातून उजेड कळे, अक्षर दिसत नसे. कावेरीने ओशाळून मॉनिटरच्या मागे हात घातला. तेथे एकसारखी पाच बटणे होती. तिने एक दाबले, मग दुसरे दाबले. मॉनिटर बंद पडला.

"पोपट झोपला," मास्तर म्हणाले. "पुढचा."

पुढच्या मॉनिटरला बटणेच नव्हती. कडेवर नुसत्या खुणा होत्या, बोट लावायचे. कावेरीने बोट लावले. काय घडले ते उपरणे उचलल्यावर समजले. मॉनिटरवरची सारी अक्षरे कुठल्याशा परक्या लिपीत गेली होती. व्यापाऱ्याने स्वतः खटपट केली, तेव्हा पोपट हिरवागार झाला आणि त्या दिवसात प्रथमच पोपटासारखा दिसू लागला.

"मास्तर, चला ना. लोक हसताहेत," कावेरी कुजबुजली.

"हसू देत. त्यांना लडी निवडायच्या नाहीत. तो कोपऱ्यातला कसला?"

"त्याला कोणी विचारत नाही," व्यापारी म्हणाला. "चित्र छान आहे, पण रूप बघा. समोर हे असं बोंडूक. आता कोण घेतं असलं?"

खरोखरच त्याच्या उजव्या कडेखाली, हाताला सहज लागेल असे एक गोल बटण होते. मास्तरांनी उपरणे घातले. कावेरीने बटण डावीकडे फिरवले आणि उपरण्याखालचा पोपट सांज झाल्यासारखा मंदावला.

"गोविंदसांच्या साडीचा काठ काय ठरलाय ग?" मास्तरांनी मध्येच विचारले.

"काठ आमसुली. अंग मोतिया घ्यावं की श्रीखंडी, तेवढं ठरत नाही. मोतियावर मोर उठून दिसतील, पण..."

बोलता बोलता तिने उजेड पुन्हा वाढवलाही होता. आपला हात हलला हे तिच्या ध्यानातही आले नव्हते.

"हा माग संस्थेकडे," मास्तर म्हणाले.

"पण आजोबा, झाकून तपासायचा मॉनिटर मी आयुष्यात पाहिला नाही. कारण तरी सांगाल?" व्यापाऱ्याने विचारले.

मास्तर स्टुलावर टेकले. "चित्र चांगलं हवंच. पण ते तुमच्या दुकानात सगळ्यांचंच चांगलं आहे, त्यात निवडायचं काय? मी आयुष्यभर पाटावर बसून रंग पाहिले. ऊन सरकलं की पाट सरकवायचा. पाट हलका होता, म्हणून सरकवत होतो. संस्थेने सत्कारात मला शिसवी खुर्ची दिली. फार देखणी आहे, पण दोघांना उचलत नाही. मी तिच्यात बसलो असतो तर ऊन गेल्यावर म्हणालो असतो, राहू दे. तिच्यात आता मांजर बसतं, त्याला रंगांचं काही पडलेलं नाही. काम करणाऱ्याचं मन कामात असतं. हाताला शोधाशोध करावी लागली की मन म्हणतं, राहू दे. रंग चुकतो तो त्या 'राहू दे'मध्ये. म्हणून हत्यार निवडताना ते दाखवतं काय, एवढंच बघू नये. आपल्याला कशाचा कंटाळा आणतं, तेही बघावं."

कावेरीने ते गोल बटण पुन्हा एकदा फिरवून पाहिले.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "त्या अंजिरी साडीच्या वेळी एका संध्याकाळी डोळे दुखत होते म्हणून मी उजेड अगदी कमी केला होता. सकाळी वाढवायचा होता. पण बटणं मागे, मागे भिंत, आणि त्यातलं नेमकं कुठलं ते कधी आठवत नाही. मी म्हटलं, राहू दे. त्या अंधारलेल्या चित्राशीच लड जुळवली मी."

"मग जुना मॉनिटर बिचारा खरंच बोलत होता म्हणायचा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी उपरणे तिच्यापुढे धरले. "घे, डोळे पूस. पोपटाला लागलेलं आहे, पण स्वच्छ आहे."

मास्तरांच्या घरी परतल्यावर कावेरीने संगणकाचे मेज भिंतीपासून ओढून पुढे घेतले आणि मागच्या नेमक्या बटणावर रेशमाच्या धाग्याची एक गाठ चिकटवली, म्हणजे बोटाला ते न पाहता कळावे. मग सकाळच्या उजेडात तिने मॉनिटर उजळला आणि लडी काचेला लावल्या. गोविंदसा आले. त्यांनी तिने दिलेली आमसुली लड दारात उन्हात नेऊन उलटसुलट पाहिली, गिऱ्हाइकाने या वेळी दिलेल्या नमुन्याच्या तुकड्याशेजारी धरली आणि खिशात घातली.

"चढवतो मागावर," ते म्हणाले. "अंग काय, मोतिया ना?"

"मोतिया," कावेरी म्हणाली.

मास्तर आत हवेत मोर काढत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण मोर जरा मोठा काढला.

मॉनिटरच्या अर्जावर संस्थेने दोन शेरे मारले आहेत : अधिक रंग दाखवणारा मॉनिटर उपलब्ध असताना तो का नाकारला, आणि तपासणी उपरणे घालून करण्यास मंजुरी कोणाची होती. दोन्हींचा खुलासा सादर केला आहे. अर्ज प्रलंबित आहे.