पाटीवरचा आकडा

"चाळीस का वीस, वस्ताद? एवढंच सांगा. पेंटर ब्रश बुडवून थांबलाय!"

रणधीर मगदूम तालमीच्या दारात उभा होता. आवाज चढलेला, कपाळावर घाम.

केरबा वस्तादांनी पायरीवर बसल्या बसल्या बाहेर पाहिलं. तालमीपासून कॉलनीच्या शेवटच्या घरापर्यंत नवा सिमेंटचा रस्ता सरळ गेला होता. त्याच्या तोंडाशी पांढरी पाटी. वर 'वेगमर्यादा', खाली 'किमी', मध्ये मोकळी जागा. पाटीभोवती निम्मी कॉलनी भांडत होती.

गेल्या आठवड्यात या रस्त्यावर देसाई गुरुजींना त्यांच्याच फाटकासमोर मोटरसायकलनं उडवलं. पाय मोडला. मोटरसायकल कॉलनीतलीच होती. तेव्हापासून एका गटाला वीस हवे होते, दुसऱ्याला चाळीस.

रणधीर कॉलनीचा अध्यक्ष. पण त्याआधी वस्तादांचा पठ्ठा. आखाड्यात समोरच्यानं पाय उचलायच्या आत हा त्याच्या पाठीवर असायचा. ती चपळाई अजून अंगात आहे, असं तो स्वतःच सांगायचा.

"तुला काय वाटतंय?" वस्तादांनी विचारलं.

"चाळीस! वीस म्हणजे रांगणं झालं, वस्ताद. नजर तेज असली की झालं."

"रांगणं?"

"रांगणंच की."

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मग रांगून दाव."

"म्हणजे?"

"पळ. विसानं."

गर्दीत एकदम हशा पिकला. कॉलनीच्या चिटणीस शैला घाटगे विसाच्या बाजूच्या. त्यांनी लगेच स्कूटर काढली.

"मी शेजारून येते. काटा बघून ओरडते!"

वस्ताद चालत रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभे राहिले.

"मी बोट वर केलं की थांबायचं. जागच्या जागी."

"त्यात काय!" रणधीरनं चपला काढल्या, पँट दुमडली, आणि सुटला.

"बारा!" घाटगेबाई ओरडल्या.

"पळ अध्यक्ष, पळ!"

"पंधरा!"

गच्च्यांवरून शिट्ट्या आल्या. कुणीतरी ताट वाजवायला लागलं.

"अठरा... अठरा... वीस! वीस झाले!"

रणधीरचा चेहरा लालबुंद झाला होता. छाती भात्यासारखी चालली होती. रांगणं वगैरे सगळं तो विसरला होता.

वस्तादांचं बोट वर गेलं.

रणधीरनं पाय रोवले. पाय थांबले, अंग थांबलं नाही. वस्ताद तसूभर हलले नाहीत. रणधीरनंच कसंबसं अंग चोरलं, त्यांच्या बाजूनं पुढे गेला, घसरला आणि गोखल्यांच्या जास्वंदीत जाऊन बसला.

"रांगताना लागलं का रं?" वस्तादांनी विचारलं.

कॉलनी हसून लोटपोट झाली. रणधीरही हसला, पण ओठ चावून.

चाळीसवाल्यांपैकी एकजण पुढे आला. "वस्ताद, हा काही न्याय नाही. गाडीला ब्रेक असतो."

"आसतो की. दाबतंय कोन? गाडी?"



"पुन्हा!" रणधीर झुडपातून ओरडला. कानात जास्वंदीचं पान अडकलेलं. "पंधरानं पळतो!"

पळाला. बोट वर गेलं. या वेळी पडला नाही, पण वस्तादांना मागे टाकूनच थांबला.

"पुन्हा! दहानं!"

आता कुणी कुणाच्या बाजूचं राहिलं नव्हतं. सगळे रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे होते. फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले देसाई गुरुजीसुद्धा काठी आपटत होते.

"दहा!" घाटगेबाईंचा आवाज बसला होता. "दहावर आहे!"

बोट वर गेलं.

रणधीर थांबला. जागच्या जागी. वस्तादांच्या पुढ्यात, हातभर अंतर राखून.

अशा टाळ्या त्या रस्त्यानं कधी ऐकल्या नव्हत्या.

"लिही!" रणधीर पेंटरकडे बघून ओरडला. "दहा लिही! मोठं लिही! लांबून दिसलं पाहिजे!"

चाळीसवालेच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते. मुबारक पेंटरनं एक काढला, शून्य काढलं. लाल रंग उन्हात चमकला. कुणी फोटो काढले, कुणी चहा सांगितला. ज्यांचं आठवडाभर बोलणं बंद होतं, ते एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

रणधीरनं वस्तादांचे पाय धरले.

"समजलं, वस्ताद. दहा म्हणजे दहा. आता या रस्त्यावर कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही!"

वस्तादांनी त्याला खांद्याला धरून उठवलं.

"समजलं?"

"पुरतं समजलं."

"मग आनी एकदा पळ. दहानंच."

रणधीरला काय, उत्साह होताच. तो पाटीपाशी गेला, नव्या आकड्याला मान लववली आणि निघाला. घाटगेबाईंची स्कूटर शेजारी.

"दहा! बरोबर दहा!"

"दहा! दहा! दहा!" दोन्ही कडांनी गजर सुरू झाला.

रणधीरची नजर वस्तादांच्या उजव्या हातावर खिळली होती. बोट हललं की थांबायचं. पाय तयार, दम तयार. आता या क्षणी उठेल... आता...

बोट उठलं नाही.

तेवढ्यात पुजाऱ्यांचं फाटक उघडलं. त्यांची धाकटी सून सांडग्यांनी भरलेलं प्लास्टिक दोन्ही हातांनी ओढत, पाठमोरी रस्त्यावर आली. सावली सरकली होती, तिला सांडगे उन्हात न्यायचे होते.

"अगं!" गुरुजी ओरडले.

रणधीर तिच्यावर जाऊन आदळला.

ती फाटकाला धरून खाली बसली. ओले सांडगे रस्ताभर उडाले. एक घाटगेबाईंच्या चष्म्यावर जाऊन चिकटला. कुणी हसलं नाही.

गजर थांबला...

"वहिनी! लागलं का?" रणधीर तिच्यापाशी वाकला. त्यानं तिला उठवलं. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. ती मान हलवून "नाही, नाही" म्हणत होती, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं.

रणधीरनं तिला फाटकाच्या पायरीवर बसवलं. मग तो वळला. चेहरा पुन्हा लाल, आवाज फाटलेला.

"वस्ताद! मी दहानंच पळत होतो. सगळ्यांनी बघितलंय! तुम्ही... तुम्ही बोट वर केलंच नाही!"

केरबा वस्ताद वाकले. पायाशी पडलेला एक सांडगा त्यांनी उचलला, त्याची माती फुंकली आणि सुनेच्या ओंजळीत ठेवला.

"ह्या पोरीनं तरी कुठं केलं हुतं?"