खड्ड्यातली पहार

घाटाखाली पाथरवटांचं एक गाव होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या गावाला राग येईल, आणि राग येण्यापलीकडं तिथं काही व्हायचं नाही.

गावाला लागूनच काळ्या दगडाची खाण होती. पुरुष दगड फोडायचे, बायका कपच्या वाहायच्या. जाती, पाटे, वरवंटे, उखळं, देवळाच्या पायऱ्या, सगळं तिथून आसपासच्या गावांना जायचं. माणसं कष्टाळू होती, हातात कसब होतं. पण त्यांची एक रीत होती. पाथरवट मेला की दहाव्या दिवशी त्याची सगळी हत्यारं जुन्या खाणीच्या खड्ड्यात नेऊन टाकायची. घण, सुतकी नावाची हातोडी, छिन्न्या, पहार, काही म्हणजे काही घरात ठेवायचं नाही. मेलेल्याचं हत्यार हातात घेतलं की मेलेला येऊन हात धरतो, असं म्हणायचे. कुणाचा हात कधी धरला होता, ते मात्र कुणालाच सांगता यायचं नाही.

या रीतीपायी हळूहळू एक गोष्ट घडली. जुन्या लोकांच्या पहारी मनगटाएवढ्या जाड असायच्या. पुढच्या पिढीनं विचार केला, शेवटी खड्ड्यातच जायची तर एवढं लोखंड घ्यायचं कशाला? ते बाजारातून बारीक, हलक्या पहारी आणू लागले. असं करता करता गावातलं सगळं चांगलं लोखंड खड्ड्यात गेलं आणि वाकणारं तेवढं हातात राहिलं. पण काम चाललं होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या गावात हौसा नावाची बाई होती. तिचा नवरा लिंबाजी दगडाची धूळ खाऊन खाऊन खोकल्यानं गेला. दहाव्या दिवशी गाव जमलं, लिंबाजीची हत्यारं उचलली, वाजत-गाजत नेऊन टाकली आणि जेवून घरी गेलं. हौसाच्या घरात मग चूल, दोन भांडी आणि ती स्वतः, एवढंच उरलं. पहिला महिनाभर कुणी ना कुणी भाकरी आणून दिली. दुसऱ्या महिन्यात कुणी विचारलं नाही. आता रोज उठून कोण विचारणार?

एके दिवशी हौसा सरपण शोधत जुन्या खाणीकडं गेली. खड्ड्यात बाभळी माजल्या होत्या. दगडांना धरून धरून ती खाली उतरली. फांद्या मोडता मोडता तिला लिंबाजीची सुतकी दिसली. तीच ती, करंजाचं तेल लावून लावून दांडा काळा केलेली. हौसा तिथंच खाली बसली आणि पोटभर रडली. रडून झाल्यावर तिनं सुतकी उचलली. मेलेल्या नवऱ्यानं खरोखर येऊन हात धरला असता तर तिला बरंच वाटलं असतं. पण कुणी धरला नाही. सुतकी हातात नीट बसली, एवढंच झालं.

मग तिनं आजूबाजूला पाहिलं. अगं बाई! केवढं धन पडलं होतं तिथं! गंजलेले घण, बोथट छिन्न्या, पालापाचोळ्याखाली एक पितळी ओळंबा, दोरीसकट. एका कडेला आनंदा पाथरवटाची पहार होती, साडेचार हात लांब, नुसती उचलायची तर दोन्ही हात लावावे लागायचे. आनंदाला मरून तीस वर्षं झाली होती. पहारीला वर गंज चढला होता, आतलं लोखंड जसंच्या तसं होतं.

हौसानं बांबूची शिडी बांधली. रोज खड्ड्यात उतरायची, झेपेल तेवढं वर आणायची. राखेनं घासायची, विटकरीनं घासायची, तेल लावायची. बाजारच्या गावी लोहाराकडं जाऊन छिन्न्यांना टोक काढून, पाणी देऊन आणायची. दांडे मोडले होते तिथं बाभळीचे नवे घालायची. आनंदाची पहार तिनं आपल्या दाराशी उभी करून ठेवली. तिला तिचा काही उपयोग नव्हता. पण एवढं चांगलं लोखंड मातीत कुजतंय, हे तिला बघवेना.

लिंबाजीच्या शेजारी बसून बसून तिला काम ठाऊक झालंच होतं. ती गावोगाव हिंडून जाती टाकवू लागली. दळून दळून गुळगुळीत झालेल्या जात्याला छिन्नीनं बारीक बारीक टिपून पुन्हा खरखरीत करायचं, म्हणजे पीठ चांगलं पडतं. "जात्याला टाकीऽऽ" अशी हाक आली की बायका जातं अंगणात काढून ठेवायच्या. तिचा हात हलका होता. शेवटी आपल्या गावातल्या बायकाही तिलाच बोलावू लागल्या. गावच्या कारभाऱ्याची, सटवाजीची बायको सोनाई तर म्हणायची, "हौसानं टाकवलेल्या जात्याचं पीठ म्हणजे नुसतं लोणी बघा!"

सटवाजीचा मुलगा नामा एकदा जातं टाकवायला बोलवायचं म्हणून हौसाच्या दारी आला. चांगला पंचविशीतला गडी, खाणीत काम करणारा. दाराशी पहार बघून त्यानं ती उचलून पाहिली.

"मावशे, काय जड आहे गं! अशी आमच्याकडं का नाही?"

"तुमच्याकडचीच आहे ती," हौसा म्हणाली.

नाम्याला उलगडा झाला नाही, आणि तिनंही पुढं काही सांगितलं नाही.

आता अशी गोष्ट किती दिवस लपणार? सोनाईच्या अंगणात हौसा जातं टाकवत होती. शेजारचा म्हातारा भागोजी काठी टेकत आला आणि हौसाच्या हातातली छिन्नी बघून उभाच राहिला. छिन्नीवर तीन रेघा होत्या. दर पाथरवट आपल्या हत्यारावर आपली खूण करायचा, आणि तीन रेघा ही भागोजीच्या मेलेल्या भावाची खूण होती.

"माझ्या भावाची छिन्नी!" म्हातारा ओरडला. "बाई मेलेल्यांची हत्यारं वापरते!"

झालं. तासाभरात गाव गोळा. दोन महिने त्याच जात्यांच्या पिठाची भाकरी खाऊन कुणाला काही झालं नव्हतं. त्या दिवशी मात्र निम्म्या गावाच्या पोटात ढवळून आलं. कुणाची शेळी मेली होती, कुणाच्या लेकराला ताप आला होता, कुणाचा पाट्याचा दगड चिरला होता. ते सगळं हौसाच्या डोक्यावर आलं.

सटवाजीनं विचारलं, "हौसा, ही हत्यारं कुठून आणलीस?"

"तुम्ही टाकलीत तिथून."

"लाज नाही वाटली?"

"भूक लागली होती, कारभारी. भुकेपुढं लाज सुचली नाही."

सटवाजी माणूस वाईट नव्हता. त्याला ते उत्तर लागलं. क्षणभर त्यानं मान खाली घातली. पण समोर अख्खं गाव बसलं होतं, आणि कारभारी म्हटलं की गावाकडं बघून बोलावं लागतं. त्यानं निकाल दिला, की सगळी हत्यारं पुन्हा खड्ड्यात टाकायची आणि वर दगड लोटायचे, म्हणजे पुन्हा कुणाला तिथून काही उचलायला नको.

हौसा हात जोडून म्हणाली, "माझी हत्यारं गेली तर जाऊ द्या. ती मोठी पहार तरी ठेवा. खाणीत कधी कामाला येईल."

"मेलेल्याची पहार खाणीत? म्हणजे आम्हीही मरावं होय?" भागोजी म्हणाला. लोक हसले.

पहार उचलायचं काम नाम्याकडं आलं. त्यानं ती खांद्यावर घेतली, खड्ड्याच्या कडेला गेला, जरा घुटमळला आणि बापाकडं पाहिलं. बापानं मान हलवली. नाम्यानं पहार सोडली. मग दोन दिवस गावानं कपच्या आणि धोंडे खड्ड्यात लोटले. सगळी हत्यारं झाकली गेली. खड्डा तरीही खोल होताच. पुढच्या मेलेल्यांपुरती जागा त्यात शिल्लक होती.

हौसाच्या जात्याची हाक बंद झाली. ती शेण्या थापून, दुसऱ्याच्या रानात खुरपून कसंबसं पोट भरू लागली. तिची शिडी तेवढी दाराशी पडून होती. शिडी कुणा मेलेल्याची नव्हती, म्हणून गावानं ती ठेवली.

पुढं उन्हाळ्यात देवळाच्या पायरीसाठी एक मोठी शिळा सुटी करायचं काम निघालं. शिळा अर्धी सुटली होती. खाली दोन पहारींचा टेका होता आणि नामा आत वाकून पाचर काढत होता. ऐन दुपारी टेक्याची एक पहार वाकली. दुसरी वाकायला वेळ लागला नाही. शिळा घसरली आणि नामा कमरेपासून खाली तिच्याखाली सापडला.

नामा जिवंत होता, बोलत होता. गाव धावलं. दहा जणांनी दहा पहारी लावल्या. एकेक पहार वाकली. वासे आणले, ते मोडले. शेजारच्या गावात शेती होती, खाण नव्हती. तिथून काय मिळणार? सटवाजी वेड्यासारखा शिळेला खांदा लावत होता. शिळा हलेना.

तेव्हा नामा म्हणाला, "आबा, मावशीची पहार आणा."

सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

हौसा गर्दीतच होती. ती धावत घरी गेली, शिडी घेऊन खड्ड्यापाशी आली, खाली उतरली आणि कडेच्या ढिगावर उभी राहून म्हणाली, "इथं आहे. इथं उपसा."

गाव उपसू लागलं. दोन दिवस खपून टाकलेले धोंडे होते ते, घटकाभरात कसे निघणार? सटवाजी हातांनी दगड काढत होता. त्याची नखं फुटली. विटाळाचं कुणी नाव काढलं नाही. भागोजी म्हातारासुद्धा कपच्यांच्या पाट्या ओढत होता. हाताला एकेक छिन्नी, एकेक घण लागत होता आणि लोक ते बाजूला भिरकावत होते. त्यांना पहार हवी होती.

तिकडं सोनाई नाम्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. नामा विचारायचा, "आली का गं?" सोनाई म्हणायची, "येतेय रे, आलीच बघ." पुन्हा थोड्या वेळानं, "आली का?" "आलीच रे माझ्या राजा." असं चार वेळा झालं. पाचव्यांदा त्यानं विचारलं नाही.

उन्हं कलली तेव्हा पहार सापडली. सहा जण ती घेऊन धावले. शिळेखाली सारली, टेकू दिला, जोर लावला. पहिल्याच झटक्याला शिळा उचलली गेली. इतकी सहज, की जोर लावणारे तोल जाऊन पुढं पडले. नाम्याला बाहेर काढलं. सोनाई त्याला हलवून सांगत होती, "आली रे पहार. बघ की, आली." हौसानं तिचे हात धरले तेव्हा ती थांबली.

दहाव्या दिवशी गाव पुन्हा खड्ड्यावर जमलं. सटवाजीनं नाम्याची हत्यारं आणली होती. सुतकी, चार छिन्न्या, एक बारीक वाकडी पहार. आणि मागून दोघे जण आनंदाची पहार घेऊन आले. नाम्याचं प्रेत त्या पहारीनं बाहेर काढलं होतं, म्हणजे आता तिला आनंदाचा आणि नाम्याचा, दोघांचा विटाळ, असं गावात ठरलं होतं.

हौसा पुढं झाली. "कारभारी, ही तरी ठेवा. उद्या दुसऱ्या कुणाच्या लेकाला लागेल."

सटवाजी तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या बोटांना अजून चिंध्या बांधलेल्या होत्या. त्याचे ओठ हलले. हौसाला वाटलं, हा आता ठेवा म्हणेल. त्यालाही तसंच वाटलं असावं. पण मागं गाव उभं होतं.

"रीत मोडून माझा नामा परत येणार आहे का?" तो म्हणाला.

"रीत पाळली म्हणून तर गेला," हौसा म्हणाली.

सटवाजीनं ऐकलं, आणि तोंड फिरवून मान हलवली. पहार खाली गेली. दगडांवर आपटल्याचा आवाज बराच वेळ घुमला. मग गावानं हातपाय धुतले आणि जेवायला बसलं.

त्याच आठवड्यात हौसा बोचकं बांधून माहेरी निघून गेली. जाताना खड्ड्यात उतरून लिंबाजीची सुतकी काढून तिनं बोचक्यात घातली आणि शिडी मात्र खड्ड्याला तशीच लावून ठेवली. या खेपेला गावानं वर दगड लोटले नाहीत. पहार वरच पडली आहे, कडेवरून नुसतं वाकलं तरी दिसते. खाणीत काम चालू आहे, पहारी वाकताहेत. शिडी अजून लावलेली आहे. तिच्यानंतर आजवर कुणी उतरलेलं नाही.

तात्पर्य: कामाची वस्तू विटाळ मानून टाकणारा आपल्याच अडचणीच्या वेळेचा आधार टाकून देत असतो, आणि माणूस गमावूनही जे आपली चूक सोडत नाहीत, त्यांच्या डोळ्यांसमोर उपाय पडलेला असला तरी तो त्यांच्या कामी येत नाही.