राजबागेतला ससाणा

फार वर्षांपूर्वी माळरानावरची एक लावी राजवाड्याची बाग पाहायला गेली. तिथला पारवा तिला कारंजी आणि गालिच्यासारखी कापलेली हिरवळ दाखवत होता. एवढ्यात हिरवळीवरून ससाण्याची सावली सरकली. लावीच्या काळजात धस्स झालं.

“घाबरू नका, लावीताई,” पारवा हसला. “तो महाराजांचा आहे, त्याच्या पायाला दोरी असते.”

“आज नाहीये हो!”

पारव्याने वर पाहिलं आणि त्याची बोबडीच वळली. लपायला उंच गवत कुठेच नव्हतं. लावी जीव मुठीत धरून धावली आणि माळ्याने छाटून टाकलेल्या बोरीच्या फांद्यांत शिरली. ससाण्याने झडप घातली, पण काटे रुतताच तो वर उडून घिरट्या घालू लागला.

“काटे टोचतील का हो?” बाहेरून पारव्याने कापऱ्या आवाजात विचारलं.

“टोचतील,” लावी म्हणाली. “या लवकर आत.”